खोलीला एक मत

समुद्र आणखी एका दिवसाने आटला, आणि तोही थोरलीच्या डोळ्यांदेखत, तिनेच पुसून ठेवलेल्या जेवणाच्या टेबलावर.

थोरली म्हणजे या घरची मोठी सून. दीर, जाऊ, नणंद तिला वहिनी म्हणत, सासरे सूनबाई म्हणत आणि नवरा नुसतंच 'अगं' म्हणे. ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाची मापं यायची, त्यावरून ही मेणात एकेक दात बसवायची, घासायची, चकाकी आणायची. दिवसभर मान खाली, कानात ग्राइंडरची घरघर आणि नखांत प्लास्टरची पूड. संध्याकाळी घरी आली की कुणी बोललेलं पहिल्या खेपेला ऐकू येत नसे, आणि घरातल्यांना वाटे, हिचं आपल्याकडे लक्ष नाही. लक्ष कसं नसेल? स्वयंपाक काय आपोआप होत होता?

यंदा लॅबची फरशी उखडून नवी घालायची ठरलं आणि सगळ्यांना एकदम आठ दिवस सुट्टी मिळाली. अशी सुट्टी तिच्या वाट्याला आजवर आली नव्हती. बाळंतपणाची आली होती खरी, पण तिला सुट्टी म्हणणाऱ्याने एकदा बाळंत होऊन बघावं. आता मुलं आपापल्या नोकरीच्या गावी होती, हातपाय धड होते. थोरलीने मनातल्या मनात एक सहल आखली. पहिल्या देशात एक मोठं शहर, दुसऱ्या देशात दुसरं, दोन-दोन दिवस. ट्रामने फिरायचं, पाय दुखेपर्यंत चालायचं, अनोळखी चौकातल्या बाकावर बसून लोक बघायचे. आणि मग तिसऱ्या देशात समुद्र, चांगले चार दिवस. तिथे काही म्हणजे काही बघायचं नाही. खोलीचं दार उघडलं की वाळू, वाळूवर सावली, सावलीत आरामखुर्ची. 'आज काय करायचं?' असं विचारणारं कुणी नाही.

कपडे वाळत घालता घालता तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "छान आहे की." आणि रात्रीच्या जेवणाला त्याने जाहीर करून टाकलं, "आम्ही असं ठरवतोय. सगळेच जाऊ या ना!"

झालं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला घर बसलं.

आता या घराची एक रीत सांगायला हवी, कारण दुसऱ्या कुठल्या घरात ती असेल असं वाटत नाही. सासरे कित्येक वर्षं इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते पद सोडून जमाना झाला, तरी आजही सगळी इमारत त्यांना सेक्रेटरीच म्हणते. सोसायटीत फ्लॅटला एक मत. आत दोन माणसं राहोत की दहा, मत एकच. सेक्रेटरींनी तोच कायदा घरात आणला. खोलीला एक मत! दर रविवारी जेवणानंतर टेबल पुसून झालं की सभा भरायची. नवा फ्रीज कुठला घ्यायचा, भिंतीला रंग कोणता, पाहुण्यांना किती दिवस ठेवून घ्यायचं, सगळं मताला टाकलं जायचं. एक खोली ताईची. ताई म्हणजे बिनलग्नाची नणंद, शाळेत इतिहास शिकवायची. एक खोली धाकट्या दिराची आणि त्याच्या बायकोची. एक थोरल्याची आणि थोरलीची. सेक्रेटरी स्वतः अध्यक्ष. त्यांनी मत द्यायचं ते फक्त बरोबरी झाली तर. तीन खोल्यांत बरोबरी व्हायची कशी? त्यामुळे ते मत कधी वापरलं गेलं नव्हतं, पण त्याचा त्यांना अभिमान मोठा होता. सासूबाई होत्या तोवर त्यांचं मत अध्यक्षांच्याच खोलीत होतं, म्हणजे नव्हतंच. एकदाही मत न देता बिचाऱ्या गेल्या.

जोडप्याच्या खोलीचं मत नवऱ्याने सांगायचं, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण ते तसंच चाले. धाकटी हुशार. टेबलाखालून ती नवऱ्याला असा चिमटा काढी की तिच्या मनातलं मत त्याच्या तोंडून खणखणीत बाहेर पडे. थोरलीला ही विद्या आली नाही. तिला वाटे, आपल्या माणसाला आपल्या मनातलं चिमट्याशिवाय कळायला हवं. आणि तिचा माणूस? तो वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्याला फक्त भांडण नको असे. ताईने काही मागितलं की "आपलं काय, चालेल." धाकट्याने मागितलं की "आपलं काय, आपल्याला कुठेही चालतं." या 'आपलं'मध्ये थोरली अख्खीच्या अख्खी बुडून जायची, आणि वर त्याला वाटे, आपण किती मोठ्या मनाचे.

पहिल्या रविवारी ताईला पहिल्या शहरात म्युझियमसाठी एक दिवस जास्त हवा झाला. आपलं काय, चालेल. दुसऱ्या रविवारी धाकटीला दुसऱ्या शहरातल्या बाजारांसाठी एक दिवस जास्त हवा झाला. चालेल. तिसऱ्या रविवारी तिथलाच कुठलासा मोठा फिरता पाळणा निघाला, त्याच्यासाठी आणखी एक. शहरं फुगत गेली आणि समुद्र आटत गेला. आणि आज धाकटा नकाशावर पेन्सिल टेकवून म्हणाला, "दोन्ही शहरांच्या मध्ये ते किल्ल्याचं गाव घेतलं तर समुद्राला एक दुपार राहते. बाराला पोचायचं, पाय भिजवायचे, संध्याकाळचं विमान. खरं सांगू का, समुद्र काय, सगळीकडे सारखाच. पाणी नि वाळू."

"शहरंही सगळीकडे सारखीच," थोरली म्हणाली. "रस्ते नि दुकानं."

"असं कसं वहिनी?" ताई म्हणाली. "शहराला इतिहास असतो."

समुद्राला नसतो जणू! तो काय गेल्या आठवड्यात भरला?

एवढ्यात सेक्रेटरी कवळी धुवायला बेसिनपाशी गेले. ते उठल्याबरोबर धाकटी पुढे वाकली आणि एखादी भेटवस्तू द्यावी तशा गोड आवाजात म्हणाली, "वहिनी, तुम्हाला आरामच हवा होता ना? मग सोपं आहे. शहरांत आम्ही फिरू, तुम्ही हॉटेलवर बाबांजवळ बसा. त्यांच्या गुडघ्यांना एवढं चालणं झेपणार नाही, कुणीतरी लागेलच. तुमचा आयताच आराम होईल."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे शहरं यांची आणि आराम हिचा! आणि आराम तरी कसला, तर परक्या देशात, बंद खोलीत, म्हाताऱ्या माणसाच्या औषधांच्या वेळा सांभाळत बसायचं. ते तर ती घरीही करत होती. त्यासाठी विमानात कशाला बसायचं? तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा नकाशाकडे पाहत होता.

सेक्रेटरी कवळी बसवून परत आले. "हं, किल्ल्याचं गाव. ताई? हो. धाकटे? हो. थोरले?"

"आपलं काय," नवरा म्हणाला, "चालेल."

"मला नाही चालणार," थोरली म्हणाली. "माझं मत नाही असं आहे."

सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. आवाजात राग नव्हता, फक्त कायदा होता. "तुमच्या खोलीचं मत झालंय, सूनबाई."

आपलेच दात नि आपलेच ओठ, असं म्हणतात. इथे तर सासऱ्यांच्या तोंडातले ते दातसुद्धा तिनेच केलेले. महिनाभर जीव ओतून, रंग जुळवून, समोरचा एक किंचित वाकडा ठेवून, म्हणजे खरा वाटावा. त्याच दातांनी तिचं तोंड बंद केलं गेलं.

खोलीत आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही हो का म्हणालात?"

"अगं, मला वाटलं तुला चालेल."

"विचारलंत?"

"आता त्यात काय विचारायचं? आपण दोघं एकच ना?"

"एकच असतो तर माझ्या पोटातलं तुमच्या तोंडात कधीतरी आलं असतं. धाकटी काय म्हणाली ते ऐकलंत ना? मी हॉटेलवर बसायचं."

"ती आपली सहज बोलली."

"आणि तुम्ही सहज गप्प बसलात."

"एवढ्याशा गोष्टीवरून..." तो म्हणाला, आणि चादरीची घडी करू लागला. ती घडी त्याला नीट येत नव्हती. एरवी थोरलीने ती हातातून घेतली असती. आज नाही घेतली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने पदर खोचला आणि स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली उघडली. मोडका पंखा, रिकामी खोकी, मुलांच्या जुन्या सायकलीचं एक चाक, कुणालाच नको असलेली आणि कुणालाच टाकवत नसलेली एक खुर्ची. ती एकेक वस्तू बाहेर काढत गेली. धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, हे काय काढलंत?"

"खोली लावतेय."

"कुणासाठी? पाहुणे येणार आहेत?"

"नाही," थोरली म्हणाली. "मीच येणार आहे."

घरभर कुजबुज झाली. वहिनी रुसल्या. ताई म्हणाली, या वयात असं होतं. नवऱ्याने आधी गंमत म्हणून घेतलं, मग लाजला, मग म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"लोकांना आपल्या घरात कुठे मत आहे?" थोरली म्हणाली, आणि गादी घेऊन गेली.

गंमत अशी की गेली ती रागाने, पण खिडकीपाशी गादी टाकून आडवी झाली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की ग्राइंडर कानातला थांबायला किती वेळ लागतो. बराच लागतो. आणि थांबल्यावर काय छान वाटतं! समुद्र नसला तरी समुद्राचा उंबरा असावा असं काहीतरी होतं ते.

आठवड्याच्या मध्यावर एका संध्याकाळी सेक्रेटरी तिथे आले. कवळी हातात. "सूनबाई, खालची टोचतेय. डाव्या बाजूला."

तिने त्यांना त्या नकोशा खुर्चीवर बसवलं आणि खिडकीच्या उजेडात कानस घेऊन हलक्या हाताने कड घासू लागली. सेक्रेटरी बिनदातांच्या तोंडाने खोली न्याहाळत होते. भिंत, खिडकी, दार. मग त्यांची नजर कडीवर थांबली.

"ही आतून कडी कुणी लावली? तू?"

"नाही बाबा. आईंनी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे ती. दुपारी लावून घ्यायच्या."

"हां. निवडणं-टिपणं करत असायची."

"नाही. नुसत्या बसायच्या."

सेक्रेटरी पुन्हा कडीकडे बघू लागले. त्यांना ते ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं जिच्यासोबत काढली, ती रोज दुपारी कडी लावून नुसती बसत होती आणि त्यांना ठाऊक नव्हतं. थोरलीला दया आली आणि दयेपेक्षा रागच जास्त आला. सासूबाईंना निदान कडी होती. मला तेही नाही, असं तिला वाटलं, आणि मग आठवलं की आता आहे.

तिने कवळी धुऊन दिली. त्यांनी ती बसवली, दात दोनदा मिटून पाहिले. "नाही टोचत." मग उठून दारापाशी गेले, कडी लावून पाहिली, काढून पाहिली. "दार स्वतंत्र आहे. खिडकी आहे. कडी आतून लागते. कायद्याने खोली आहे ही." जाता जाता वळले. "म्युझियममध्ये जिने फार असतात म्हणे?"

"असतात बाबा."

"समुद्राला नसतात." एवढंच म्हणून ते गेले. थोरली कानस पुसता पुसता थांबली. बरोबरी झाली तर अध्यक्षांचं मत! म्हणजे सगळं आता एका माणसावर होतं, तिच्या नवऱ्यावर.

रविवारी टेबल पुसलं गेलं. यावेळी थोरलीने नाही पुसलं. ती हात बांधून बसली, तेव्हा शेवटी ताईने फडकं घेतलं. सेक्रेटरींनी जाहीर केलं, "घरात आजपासून चार खोल्या."

"असं कसं बाबा?" धाकटा उसळला. "उद्या मी बाल्कनीत गादी टाकली तर?"

"बाल्कनीला कडी नाही. पुढे. सूनबाई, ठराव मांडा."

थोरलीने नकाशा आपल्याकडे ओढला. "सहल पहिल्यासारखी व्हावी," ती म्हणाली. "दोन शहरं, दोन-दोन दिवस. चार दिवस समुद्र. शहरांत सगळ्यांनी फिरायचं. समुद्रावर कुणीच काही करायचं नाही. माझ्या खोलीचं मत, हो."

"ताई?"

"नाही."

"धाकटे?" टेबलाखाली काहीतरी हललं आणि धाकटा म्हणाला, "नाही."

"थोरले?"

सगळे नवऱ्याकडे पाहू लागले. त्याच्या एका 'हो'ने दोनास दोन होणार होते आणि गोष्ट अध्यक्षांकडे जाणार होती. अध्यक्षांचे गुडघे कुठल्या बाजूला होते ते थोरलीला माहीत होतं. एक अक्षर. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्या माणसाकडे तिने एक अक्षर मागितलं होतं.

"आपलं काय..." त्याने सवयीने सुरू केलं.

"आपलं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "तुझ्या खोलीत तू एकटा आहेस. तुझं सांग."

नवऱ्याने बहिणीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. बायकोकडे पाहायला आला आणि मध्येच नकाशावर उतरला. "मी तटस्थ राहतो," तो म्हणाला. "मला कुणाचंच मन मोडायचं नाही."

तटस्थ! अहो, विरोध केला असता तर निदान माणूस समोर उभा आहे असं तरी वाटलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा याला अख्खं मत मिळालं, त्यात बायकोचा वाटा नाही, कुणाचा चिमटा नाही, आणि याने ते खिशात घालून ठेवलं! कुणाचंच मन मोडायचं नाही म्हणे. थोरलीचं मन बहुधा त्या मनांच्या मोजणीत धरलेलंच नव्हतं.

"एकास दोन," धाकटा आनंदाने म्हणाला. "ठराव बारगळला!"

थोरलीने नकाशा परत टेबलाच्या मध्ये सरकवला. "ठीक आहे," ती म्हणाली. "तुमची सहल तुमच्या मतासारखी. माझी खोली त्या सहलीला येत नाही. माझी खोली समुद्रावर जाते, आठही दिवस."

"म्हणजे एकट्या?" ताई म्हणाली.

"खोलीत जेवढी माणसं असतील तेवढी."

आणि मग धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "अहो वहिनी, पण मग हॉटेलवर बाबांजवळ कोण बसणार?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "कुणाजवळ?"

"तसं नाही बाबा..." नवरा म्हणाला.

"कसं नाही? सूनबाईला न्यायची होती ती मला राखायला? आणि मला न्यायचं होतं ते हॉटेलात कोंडायला?" त्यांचे शब्द स्वच्छ येत होते, कवळी उत्तम बसली होती. "हे कुठल्या सभेत ठरलं? मी हजर होतो?"

"तुम्ही कवळी धुवायला गेला होतात," थोरली म्हणाली. झाकून ठेवायचं तिच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

सेक्रेटरींनी टेबलावरच्या नकाशाची घडी घातली. त्यांनी 'मीही समुद्रावर येतो' म्हटलं असतं तर आपण काय केलं असतं, हे थोरलीला आजही सांगता येत नाही. पण त्यांनी तसं म्हटलं नाही. "सोसायटीची सहल निघायची," ते म्हणाले, "तेव्हा एकाही फ्लॅटला दंडाला धरून बसमध्ये घातलं नाही मी. सूनबाईची खोली मोकळी आहे. आणि माझीही. मी घरीच राहीन. शेजारी बुद्धिबळाला माणूस आहे, खाली खानावळ आहे. मला राखायला कुणी लागत नाही. सभा संपली."

ते उठून स्वयंपाकघराकडे गेले. जाताना अडगळीच्या त्या खोलीच्या दारापाशी क्षणभर थांबले, कडीला बोट लावलं, आणि पाणी पिऊन आपल्या खोलीत गेले.

दिवेलागणीला थोरली खिडकीपाशी बॅग भरायला बसली होती. भरायचं फार नव्हतंच. दारावर टकटक झाली. हलकी, अर्धवट, दाराला लागेल की काय अशी. तिला कळेना कोण ते. या घरात तिच्या दारावर टकटक करून कधी कुणी आलं नव्हतं.

"कोण?"

"मी आहे." नवरा होता. "येऊ का आत?"

"तिथूनच बोला."

मग तो म्हणाला, "मी विचार करत होतो. किल्ल्याचं गाव वगैरे मला तसं काही... म्हणजे, मलाही समुद्रच... मी आलो तर चालेल का तुला?"

प्रश्न ऐकून तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला भयंकर राग आला. सभेत एक अक्षर निघालं नाही, आणि आता बंद दाराशी, कुणी ऐकत नाही असं बघून, एवढं मोठं वाक्य! हे मत टेबलावर ठेवलं असतं तर सगळं घर समुद्रावर गेलं असतं.

"अगं, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "रविवारी सगळ्यांसमोर विचारा. तेव्हा माझ्या खोलीचं मत सांगते."

आणि तिने कडी लागली आहे की नाही ते एकदा हाताने चाचपून पाहिलं.